कळशीतली शिट्टी

लालबागच्या चाळीतल्या खोलीतून वडिलांनी १९८४ साली दोन भोंगे आणि एक आहुजाचा अॅम्प्लिफायर एवढ्यावर धंदा सुरू केला. सत्यनारायण, हळद, गणपती, प्रचारसभा. मी हाताशी आलो तेव्हा त्यांनी दोनच गोष्टी शिकवल्या : शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोहोचला पाहिजे आणि माइकला शिट्टी येता कामा नये. वीस वर्षं आम्ही त्यावरच नाव कमावलं.

मग भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयातल्या एका संध्याकाळचं काम आलं. प्रायोगिक संगीत, चार कलाकार, ऐंशी खुर्च्या. १८७२ पासूनची ही वास्तू आम्ही राणीबागेत जाता-येता पाहिलेली, पण साउंडवाला म्हणून आत पहिल्यांदाच पाऊल टाकलं. लोखंडी खांब, उंच छत, खाली नक्षीची फरशी, चहूकडे काचेची कपाटं. फरशीला टेप चिकटवायचा नाही, खांबाला वायर बांधायची नाही. बरोबरच होतं ते. वायरींवर रबरी पट्ट्या टाकल्या.

आदल्या दिवशी रिकाम्या दालनात एकच सूर हळूहळू खाली उतरवत नेला. साठ हर्ट्झच्या आसपास मातीच्या बाहुल्यांचं एक कपाट थरथरायला लागलं. काचेला तळहात लावला तर मुंग्या आल्यासारखं वाटलं. दोन्ही सबवूफर (खालच्या, घुमणाऱ्या सुरांचे मोठे स्पीकर) टेम्पोत परत चढवले, शंभर हर्ट्झच्या खालचं सगळं कापलं आणि चार कोपऱ्यांत चार छोटे स्पीकर ठेवले. मंडपात शोभणारी ताकद इथे उपयोगाची नव्हती.

कलाकारांतल्या एका ताईंनी तांब्याच्या कळशीच्या तोंडात माइक सोडला, समोर स्पीकर. शिट्टी सुरू झाली आणि माझा हात सवयीनं फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या खुंटीवर, गेला.

"ताई, शिट्टी येतेय."

"तीच हवीय, दादा. मारू नका, नुसती धरून ठेवा."

त्यांनी तांब्यानं पाणी ओतायला सुरुवात केली. नळाखाली कळशी भरताना आवाज चढत जातो ना, तसाच. आतली हवेची जागा कमी होत गेली तशी शिट्टी वर वर सरकली. ती किंकाळी होऊ नये आणि विझूही नये, एवढंच माझं काम. कार्यक्रमात ते सात मिनिटं चाललं. फेडर केसभर वर, केसभर खाली. इतकं लक्ष देऊन मी आयुष्यात काही ऐकलं नव्हतं. मागच्या खुर्चीवर वडील डोळे मिटून बसले होते. टेम्पोत बसल्यावर म्हणाले, "पाण्याचा आवाज शेवटपर्यंत आला."

नंतर छोटे स्पीकर स्वतःचे घेतले, ध्वनिमापक घेतला. मंडपाची कामं धाकटा भाऊ बघतो. कलादालनं आणि प्रायोगिक नाटकं माझ्याकडे. दरपत्रकात आता जागा ऐकण्याचा एक दिवस वेगळा लावतो. तो दिवस नको म्हणणाऱ्यांचं काम आम्ही घेत नाही.