बिबट्या, गोरिल्ला आणि घरातली लपवाछपवी

५ ऑगस्ट २०२२ रोजी बेळगावच्या जाधवनगरात बिबट्याने एका बांधकाम मजुरावर हल्ला केला आणि पुढे त्याचा वावर गोल्फ मैदानाच्या झाडीत आढळू लागला. त्यानंतर जवळपास महिनाभर सगळे शहर त्याच्याविषयीच बोलत होते. पिंजरे लागले, झाडीत कॅमेरे बसवले गेले, ड्रोन फिरले, शिवमोग्ग्याकडच्या सक्रेबैल तळावरून हत्ती आणले गेले. बिबट्या मात्र कोणाच्या हाती लागला नाही. त्या भागातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, त्यामुळे माझ्या भावाचा नऊ वर्षांचा मुलगा आमच्या वडगावच्या घरी राहायला आला. बाहेर श्रावणातला पाऊस आणि घरात रिकामे बसलेले पोर, म्हणून मी त्याला 'द फ्लॅश' ही अमेरिकन मालिका दाखवायला घेतली. रोज दोन भाग पाहायचे, असे आमचे ठरले होते.

ही मालिका ऑक्टोबर २०१४ मध्ये सुरू झाली आणि नऊ पर्वांनंतर २०२३ साली संपली. तिचे पहिले पर्व मला आजही सर्वांत सरस वाटते, आणि त्या पर्वातला एकविसावा भाग, ज्यात ग्रॉड नावाचा महाकाय गोरिल्ला शहराखालच्या भुयारी गटारांतून समोर येतो, तो तर मी आतापर्यंत चार वेळा पाहिला आहे. भय, घर आणि प्रेम ही तीन अंगे एका तासाच्या आत कशी सांभाळावीत, हा प्रश्न अतिमानवी नायकांच्या प्रत्येक मालिकेपुढे असतो. बहुतेक मालिका त्यावर वाटणीचा तोडगा काढतात: पंधरा मिनिटे राक्षसाला, दहा मिनिटे आईवडिलांना आणि उरलेली प्रेमिकांना. ग्रॉडच्या या भागात अशी वाटणी करताच येत नाही, आणि मला त्याच्याविषयी लिहावेसे वाटते ते त्यामुळेच.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बॅरी अ‍ॅलनच्या लहानपणी त्याच्या आईचा खून होतो आणि न केलेल्या गुन्ह्यासाठी वडील तुरुंगात जातात. जो वेस्ट हा पोलीस अधिकारी बॅरीला आपल्या घरी आणतो आणि स्वतःच्या मुलीबरोबर, आयरिसबरोबर, वाढवतो. मोठेपणी एका अपघातानंतर बॅरीला विजेसारखा वेग मिळतो आणि लाल पोशाखात, ओळख लपवून, तो शहराचे रक्षण करू लागतो. जोला ते कळते, पण आयरिसला कळू द्यायचे नाही असे हे दोघे बापलेक ठरवतात. बॅरीचे आयरिसवर लहानपणापासून प्रेम आहे. एकाच घरात वाढलेल्या मुलामुलीचे प्रेम आपल्याकडे सहज गळी उतरत नाही, आणि माझ्या आईनेही पहिल्याच दिवशी "ही तर भाऊ-बहीणच की गं" म्हणून नाक मुरडले होते. आईला इंग्रजी येत नाही. मी मध्ये मध्ये थांबवून मराठीत सांगत असे, आणि तिने पात्रांना आपल्या सोयीची नावे देऊन टाकली होती: जो म्हणजे 'पोलीस बाप', बॅरी म्हणजे 'पळणारं पोर' आणि आयरिस बातमीदार असल्यामुळे 'पेपरवाली'.

भाचा गोरिल्लाची वाट पाहत होता. त्याची ही उत्सुकता मालिकेने फार धीराने वाढवत नेलेली आहे. अगदी पहिल्या भागात एका ओसाड प्रयोगशाळेत ग्रॉडच्या नावाची पाटी असलेला, मोडलेला पिंजरा दिसतो आणि कॅमेरा तिथून पुढे निघून जातो. नंतर मधूनच कधीतरी त्याची चाहूल लागते. एकदा गटारात उतरलेल्या दोन कामगारांवर अंधारातून काहीतरी झडप घालते, तेवढेच. संगणकावर असा प्राणी घडवणे हे दूरचित्रवाणीच्या खर्चात न बसणारे काम आहे आणि त्यामुळे तो वारंवार दाखवता येत नाही, हे उघड आहे. पण लेखकांनी त्या अडचणीचे सोने केले आहे. मोडलेला पिंजरा दाखवला की प्राण्याचे बळ किती, हे प्रेक्षक स्वतःच ताडतो आणि ते दाखवता येईल त्यापेक्षा नेहमी मोठेच असते.

त्या ऑगस्टमध्ये आम्हाला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नव्हती. कॅमेऱ्यात उमटलेला बिबट्या आणि अफवांमधला बिबट्या हे दोन वेगळे प्राणी होते. व्हॉट्सअ‍ॅपवर तो एका सकाळी टिळकवाडीत असे, दुपारी अनगोळात आणि रात्री आमच्या वडगावच्या मळ्यात. पण मला आठवते ते निराळेच. रोज रात्री नऊच्या सुमारास वहिनीचा फोन येई. ती बिबट्याविषयी अवाक्षर काढत नसे. पोर जेवले का, मागच्या दाराला कडी घातली का, भावजींना सकाळी दुधाला अंधारात पाठवू नका, एवढेच विचारून आणि सांगून ती फोन ठेवत असे. दिसत नसलेल्या जनावराच्या भीतीने माणूस पहिले काम करतो ते आपली माणसे मोजण्याचे. राक्षसाच्या गोष्टीत घर कशाला आणता, असे म्हणणाऱ्या प्रेक्षकांशी माझे पटत नाही ते यासाठी. मोजायला माणसेच नसतील, तर अंधारात गोरिल्ला असला काय आणि नसला काय, दोन्ही सारखेच.

त्या भागाच्या रचनेतली खरी गोम अशी की, ग्रॉड समोर येतो तो नेमका घरातले खोटे उघडे पडते त्याच वेळी. आधीच्या भागात स्थिर विजेच्या एका चटक्यावरून आयरिसने ओळखलेले असते की तो लाल पोशाखातला माणूस बॅरीच आहे. ती थेट बॅरी आणि त्याचे साथीदार काम करतात त्या प्रयोगशाळेत येऊन उभी राहते. तिच्या रागाचा रोख बॅरीवर आहेच, पण त्याहून जास्त तो बापावर आहे, कारण आपल्या रक्षणासाठी आपल्याच घरात सगळ्यांनी मिळून आपल्याला वर्षभर अंधारात ठेवले, हे तिला सहन होत नाही. आणि हा राग निवळण्याआधीच जो, बॅरी आणि प्रयोगशाळेतला साथीदार सिस्को गटारात उतरतात आणि ग्रॉड जोला उचलून नेतो. ज्या बापाशी तुम्ही धड बोलत नाही आहात, तोच आता भुयारात कुठेतरी आहे. त्या क्षणापासून प्रत्येक काळोख्या वळणाची भीती ही त्या अपुऱ्या राहिलेल्या भांडणाचीही भीती होते. यातले भय कुठे संपते आणि घर कुठे सुरू होते, हे सांगायला मला जमणार नाही.

इथे मला स्वतःचे सांगावे लागेल. २०१५ साली मी नोकरीसाठी पुण्यात होते. त्या पावसाळ्यात बाबांची बायपास शस्त्रक्रिया झाली आणि मला ते आठ दिवसांनी कळले, तेही बाबा घरी आल्यावर. रोज फोनवर आई सांगत असे की बाबा शेजारी गेलेत, बाबा झोपलेत, बाबांना आज बरे नाही म्हणून लवकर पडलेत. "तिकडं एकटी हाईस, उगाच जिवाला घोर कशाला," हे तिचे नंतरचे स्पष्टीकरण. आपल्या घरांमध्ये ही प्रेमाची सर्वमान्य रीत आहे. आजार, कर्ज, मोडलेले लग्न, सगळे 'काळजी नको' म्हणून लपवले जाते, आणि लपवणाऱ्याला आपण त्याग करत आहोत असे मनापासून वाटत असते. मी आईवर रागावले नव्हते. निदान तसे मी तेव्हा म्हटले होते.

म्हणूनच नायकाने आपले दुसरे रूप प्रियेपासून तिच्या भल्यासाठी लपवण्याच्या या जुन्या युक्तीकडे मी युक्ती म्हणून पाहू शकत नाही. आम्ही 'शक्तिमान' पाहून मोठे झालो. १९९७ साली दूरदर्शनवर ती मालिका आली, तेव्हा गंगाधर आणि शक्तिमान एकच आहेत हे आम्हाला ठाऊक आणि गीता विश्वासला ठाऊक नाही, याची केवढी मजा वाटायची. ती मजा प्रेक्षकाची होती. गीताच्या बाजूने विचार करायचे माझे वय नव्हते. ग्रॉडच्या भागात पहिल्यांदा कोणीतरी कॅमेरा त्या न सांगितलेल्या माणसाकडे वळवलेला मला दिसला, आणि तिच्या रागाला पाच मिनिटांत माफी मागून गुंडाळून टाकले नाही, हेही दिसले.

प्रेमाचे म्हणाल तर त्या भागात प्रेमाचे संवाद जवळजवळ नाहीत. बॅरी एकटा भुयारात जातो. ग्रॉड दुसऱ्याच्या मनात शिरून त्याला भ्रमात बुडवू शकतो. बॅरीच्या डोक्यावरचे त्यापासून वाचवणारे यंत्र निकामी होते आणि तो रुळांवर, गाडी समोरून येत असताना, स्वतःच्याच आठवणींच्या कल्लोळात अडकून पडतो. त्याला तिथून बाहेर काढते ती आयरिस, दूर प्रयोगशाळेत बसून, त्याच्या कानातल्या यंत्रावरून, फक्त आवाजाने. तिच्याकडे ना वेग आहे ना शस्त्र. तिच्याकडे लहानपणापासूनची ओळख आहे, आणि आदल्याच दिवशी ज्याने आपल्याला फसवले असे तिला वाटते त्याच माणसाला ती त्या ओळखीच्या बळावर शुद्धीवर आणते. ती त्याला माफ केल्याचे सांगत नाही. अजून केलेलेही नसावे. पण हे खोटे उघडे पडले नसते तर ती त्या खोलीत, त्या यंत्रासमोर, बसलेली नसती, आणि बॅरी त्या गाडीखाली गेला असता. ज्या गोष्टीपासून तिला जपायचे म्हणून दूर ठेवले, तिथे ती असल्यामुळेच तो वाचतो. प्रेमप्रसंग लिहिण्याची याहून चांगली रीत मला या प्रकारच्या मालिकांत क्वचितच भेटली आहे.

याच मालिकेचे तिसरे पर्व मला म्हणून जड गेले. २०१६-१७ च्या त्या पर्वात सावितार नावाचा शत्रू भविष्यात आयरिसला ठार मारणार असे बॅरीला दिसते आणि पुढचे कितीतरी भाग त्या एका दृश्याभोवती फिरतात. भय आहे, घर आहे, त्यातच लग्नाची मागणीही आहे. म्हणजे मोजून पाहिले तर तिन्ही अंगे पहिल्या पर्वापेक्षा जास्तच भरतील. पण त्यात आयरिसला करण्यासारखे फार थोडे उरते. ती वाचेल की नाही याची चिंता इतर सगळे करतात आणि ती त्या चिंतेचा विषय होऊन बसते. सावितार म्हणजे बॅरीचेच एक बिघडलेले रूप, हा उलगडा कल्पना म्हणून उत्तम आहे, पण तोपर्यंत भीती इतकी ताणली गेलेली असते की तिची धार बोथट झालेली असते.

ग्रॉडविषयी आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. लष्करी अधिकारी आयलिंगने त्याच्यावर क्रूर प्रयोग केलेले असतात आणि वेल्स या शास्त्रज्ञाने त्याला मायेने वागवलेले असते, म्हणून तो वेल्सला बाप म्हणतो. वेल्स मात्र त्याचा वापर बॅरीला गुंतवून ठेवण्यासाठी करतो. एका बाजूला लेकीशी खोटे बोललेला, पण तिच्यासाठी जीव टाकणारा बाप, आणि दुसऱ्या बाजूला जनावराच्या मायेचा फायदा घेणारा बाप. भाच्याच्या हे लक्षात आले नाही, यायचे कारणही नव्हते. आई मात्र गोरिल्लाला गाडीची धडक बसल्यावर हळहळली. "त्या बिचाऱ्याला कोण हाय?" असे ती म्हणाली.

नंतरच्या काळात या बाबतीत मला सर्वांत जवळची वाटलेली मालिका म्हणजे २०२१ ते २०२४ या काळातली 'सुपरमॅन अँड लोइस'. तिथे बायकोला सगळे ठाऊकच असते आणि पहिल्याच भागात जुळ्या मुलांनाही सांगितले जाते. लपवाछपवी सुरुवातीलाच मोडून मालिका घरात येते. तिसऱ्या पर्वात लोइसला स्तनाचा कर्करोग होतो. पहाड उचलणारा नवरा बायकोच्या केमोथेरपीच्या खुर्चीशेजारी बसून राहतो, आणि त्या पर्वात कुठल्याही राक्षसापेक्षा जास्त धास्ती मला तपासणीच्या अहवालांची वाटली. रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या माणसाला ते ओळखीचे वाटेल.

त्या संध्याकाळी भाग संपल्यावर भाच्याने भुयारातले दृश्य पुन्हा लावायला सांगितले. मी मागे नेत असताना चुकून आयरिसच्या रागाचे दृश्य लागले, आणि आईने माझ्या हातावर हात ठेवून ते तसेच चालू ठेवायला लावले. यावेळी तिने मला मराठीत सांगायला सांगितले नाही. दृश्य संपल्यावर तिने शेंगा सोलायचे ताट पुढे ओढले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तिला राग आलाय, ते बरोबरच हाय की गं." बाबा आतल्या खोलीत झोपले होते. भाचा गोरिल्ला लावा म्हणून माझी बाही ओढत होता, आणि मी थोडा वेळ रिमोट हातात धरून तशीच बसून राहिले.