कुत्रा, टोपी, घेवडा, लाल

आज ओपीडीत एका काकांना हे चार शब्द लक्षात ठेवायला सांगितले. वय 67, एआरटी म्हणजे एचआयव्हीवरच्या गोळ्या कित्येक वर्षं चालू, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेला. कागदोपत्री सगळं छान. पण दोन महिने गोळ्यांचा हिशोब जुळेना, आणि काकू हळूच म्हणाल्या, "स्वारगेटला उतरायचं सोडून थेट कात्रजला जाऊन आले हो."

वार, तारीख, महिना काकांनी फटाफट सांगितला. एचआयव्हीत बऱ्याचदा आधी मेंदूचा वेग मंदावतो, त्यामुळे नुसत्या अशा प्रश्नांत काही सापडत नाही. मग डाव्या हाताची बोटं पाच सेकंद भराभर आपटायला लावली. नंतर टेबलावर मूठ, पालथा पंजा, उभा पंजा, पुन्हा मूठ. तिसऱ्या फेरीला मूठ तशीच राहिली. काका स्वतःच्या हाताकडे बघत बसले. "ह्याच हातानं तीस वर्षं रिक्षाचे गिअर टाकले, मॅडम."

चार शब्द आणि हाताच्या हालचाली मिळून या चाचणीत 12 पैकी साडेसात गुण. 10 किंवा कमी आले की पुढे तपासायचं. हा डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) शिक्का नव्हे, हे तीनदा सांगितलं. बी12, थायरॉईड, शुगर, नैराश्य आधी बघू. गोळ्यांचा डबा आता काकूंच्या ताब्यात.

2004 मध्ये सरकारी मोफत एआरटी सुरू झाली तेव्हा माणसं जगवायची एवढंच डोक्यात होतं. त्यांच्या म्हातारपणाचा विचार करायला कुणाला फुरसत होती?

चार शब्दांतले टोपी, लाल आठवले होते. 'प्राणी' म्हटल्यावर कुत्रा. निघताना काका दारातून वळले, "घेवडा राहिला ना?"