नाशिकमधल्या एका छोट्या आयबी शाळेची आमची वाटचाल

आमच्याच रस्त्यावर एका मोठ्या चेनची शाळा उभी राहिली तेव्हा नाशकातले बरेच जण म्हणाले होते की आता मॅडम गाशा गुंडाळणार. गुंडाळला नाही. शाळा चालू आहे आणि तिकडे गेलेल्यांपैकी काही पालक परत येऊन ॲडमिशन मागतात, म्हणून आता एकदा सगळं लिहून टाकते.

मी सिन्नरच्या मराठी शाळेत शिकलेली. मॅथ्समध्ये बीएस्सी केलं, मग बीएड, मग मस्कतला इंडियन स्कूलमध्ये सीबीएसईचं गणित शिकवलं आणि तिथून बँकॉकला आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळेत लागले. आधी टीचर, मग विषयाची एचओडी, मग डीपी कोऑर्डिनेटर, म्हणजे आयबीचा अकरावी-बारावीचा डिप्लोमा प्रोग्राम सांभाळणारी. ज्याला पुढे हेड व्हायचंय त्याने कोऑर्डिनेटरची खुर्ची चुकवू नये हे मी आजही सगळ्यांना सांगते, कारण कुठल्या मुलाने कुठले तीन विषय एचएलला, म्हणजे वरच्या पातळीला, घेतलेत, एक्स्टेंडेड एसे या संशोधन-निबंधाचे चार हजार शब्द कुणाचे अडलेत, टीओकेचा, म्हणजे ज्ञान म्हणजे काय या विषयाचा, निबंध कुणी अजून वाचलाच नाही, कॅसच्या, म्हणजे सर्जनशील काम, खेळ आणि सेवेच्या, नोंदी कुणाच्या रिकाम्या आहेत, हे सगळं त्याच टेबलावर येतं, प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये नाही. आणि दर दोन वर्षांनी काँट्रॅक्ट संपलं की पगार आणि विमानाचं तिकीट बघून देश बदलणारे हेड मी जवळून पाहिलेत. बायोडेटा छान दिसतो त्यांचा, पण आपण लावलेली एक बॅच पहिलीपासून बाहेर पडेपर्यंत त्यांनी कधी बघितलेली नसते.

2011 ला परत आले, नाशिकला शाळा काढली आणि पीवायपीपासून, म्हणजे आयबीच्या प्राथमिक वर्गांपासून, सुरुवात केली. आयबी 1968 मध्ये जिनिव्हात सुरू झालं ते मुख्यतः नोकरीमुळे देशोदेशी फिरणाऱ्यांच्या मुलांसाठी. ओझर आणि पिंपळगावची आमची मुलं कुठे फिरतायत? ती इथेच राहणार, बरीचशी शेतीत किंवा घरच्या धंद्यात जाणार. मग त्यांना हे कशाला, हा प्रश्न मला पहिल्यापासून होता आणि माझं उत्तरही पहिल्यापासून तेच आहे, की आपल्याच गावाकडे प्रश्न विचारत बघायला शिकवणारा अभ्यासक्रम मला दुसरा सापडला नाही. पीवायपीमध्ये आपण आपलं कामकाज कसं चालवतो अशी एक थीम असते, तिच्यात आम्ही चौथीच्या मुलांना पिंपळगावच्या बाजार समितीत नेतो. कांद्याचा लिलाव. ट्रॅक्टर पुढे सरकतो, व्यापारी मूठभर कांदे हातात घेऊन बघतात, बोली चढते, पोरं वहीत भाव लिहून घेतात आणि मग आडत्याला मराठीत विचारतात की याला जास्त आणि त्याला कमी का. ते प्रश्न शाळेत आल्यावर आमच्या सॉफ्टबोर्डवर लागतात. या बोर्डवर सहा थीम आडव्या आणि इयत्ता उभ्या असा अख्खा प्रोग्राम ऑफ इन्क्वायरी, म्हणजे कुठल्या इयत्तेत काय शिकायचं त्याचा आराखडा, रंगीत कार्डांवर टाचलेला आहे. कार्ड हलवायचं असेल तर तीन शिक्षक बोर्डसमोर उभे राहून भांडतात, आणि भांडायलाच पाहिजे. सॉफ्टवेअर पण आहे आमच्याकडे पण त्यात कोणी कोणाशी भांडत नाही.

2020 च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांना मराठी शिकवणं सक्तीचं झालं तेव्हा बऱ्याच शाळांची मराठीचा शिक्षक शोधायला पळापळ झाली. आमच्याकडे पहिल्या वर्षापासून होता.

आता अण्णांबद्दल. निफाड तालुक्यातले द्राक्ष बागायतदार, युरोपला माल पाठवणारे. शाळा जेमतेम सुरू झालेली, अजून कँडिडेट स्टेजला, ऑथरायझेशन, म्हणजे आयबीची मान्यता, यायचं होतं, त्यामुळे आयबी शाळा असं म्हणायचीही परवानगी नव्हती. बाकीचे पालक पहिला प्रश्न एकच विचारायचे की मॅडम पुढे इंजिनिअरिंगला चालेल ना. चालतं, डीपीला एआययूची, म्हणजे भारतीय विद्यापीठांच्या संघटनेची, बारावीशी समकक्षता आहे, फिजिक्स केमिस्ट्री मॅथ्स नीट निवडून घेतले की झालं, पण ते समजावण्यातच माझी सकाळ जायची. अण्णांनी ते विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, तपासतं कोण?

मग मी त्यांना मॉडरेशन सांगितलं. वर्गातल्या प्रोजेक्टला मार्क आमचा शिक्षक देतो, पण आयबी त्यातले काही नमुने मागवून बाहेरच्या माणसाकडून पुन्हा तपासून घेतं, आणि आमचा शिक्षक सैल निघाला तर त्या नमुन्यांचेच नाही, सगळ्या वर्गाचे मार्क खाली येतात. अण्णा लगेच म्हणाले, "म्हणजे रेसिड्यू टेस्टिंग. सॅम्पल फेल गेलं की अख्खा कंटेनर अडकतो." 2010 मध्ये सीसीसी या फवारणीच्या रसायनाच्या रेसिड्यूवरून, म्हणजे फळात राहिलेल्या अंशावरून, नाशिकची द्राक्षं युरोपात अडकली होती, तो मार त्यांनी स्वतः खाल्लेला. त्याच दिवशी मुलीची ॲडमिशन केली. पुढे मुलगा आला, पुतण्या आला. फी कधी उशिरा आली ती फक्त माल उशिरा गेला म्हणून, आणि आधी फोन करून.

आणि मग ती चेन आली. 2019 चा उन्हाळा. त्यांनी आधी आमचे शिक्षक नेले, मग त्या शिक्षकांच्या नावावर आमचे पालक. पगार जास्त देणं हा गुन्हा नाही, शिक्षकाला चार पैसे जास्त मिळाले तर मला वाईट वाटायचं कारण नाही. पण ज्यांचं ट्रेनिंग मी पदरचे पैसे घालून केलं, वर्कशॉपला पाठवलं, त्यांना सेशनच्या मध्यात नोटीस पिरियडही न पाळता उचललं, डीपीच्या दुसऱ्या वर्षाची मुलं तशीच वर्गात सोडून. ते मी विसरलेली नाही. वर पालकांना सांगायचे की आमच्याकडे 45 पैकी 40 च्या वर प्रेडिक्टेड, म्हणजे शाळेने आधीच वर्तवलेले मार्क, मिळतील, त्या लहान शाळेत मार्क फार कंजूष देतात. हो, देतो कंजूष! दर महिन्याला एका मुलाचा एकच पेपर तीन शिक्षक वेगवेगळा तपासतात, नाव झाकून, आणि फरक पडला की क्रायटेरिया समोर ठेवून प्रत्येक मार्काचा हिशोब द्यावा लागतो. नवीन शिक्षकांना पहिल्यांदा अपमान वाटतो. दोनतीन बैठका झाल्या की तेच दुसऱ्याचं चुकलेलं दाखवायला लागतात.

तेवढ्यात 2020 चा मार्च. परीक्षा रद्द, शाळा बंद, फी बंद. त्या वर्षी आयबीने नुसते नमुने न घेता मुलांचं कोर्सवर्क बाहेरून तपासून घेतलं आणि त्यावर, प्रेडिक्टेड ग्रेडवर आणि शाळेच्या जुन्या रेकॉर्डवर निकाल लावले. 5 जुलैला निकाल आले आणि जगभर ओरड झाली, ऑगस्टमध्ये ते सुधारावे लागले. आमची ती दुसरीच बॅच होती, म्हणजे मागचा रेकॉर्ड जवळपास नाहीच, तरी आमच्या मुलांचे मार्क आम्ही दिले होते त्याच्या आसपासच राहिले. त्या कंजूष तपासणीचा फायदा तेव्हा पालकांना कळला. पण पैशाचं काय? बस उभ्या, ड्रायव्हर घरी, पगार अर्धे, बँकेचा हप्ता चालूच. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये 15 टक्के फी कपातीचा शासन निर्णय आला, ती कपात आम्ही दिली, पण तोवर आमच्याकडे कापायला उरलं काय होतं. अण्णांनी त्या वर्षीची दोन्ही मुलांची फी एकरकमी भरली आणि त्यांच्या ओळखीतल्या बागायतदारांना घेऊन शाळेत आले, म्हणाले आधी हिशोब बघा मग बोला. मी खातेवही टेबलावर ठेवली. त्यातल्या बहुतेकांनी मुलं ठेवली, आणि त्यांच्यामुळे शिक्षक ठेवता आले. पुढची वर्षं बरी गेली, सांगण्यासारखं काही नाही.

नवीन शाळा काढणाऱ्यांना सांगते, बिल्डिंगवर कर्ज काढायच्या आधी शिक्षकांच्या सहा महिन्यांच्या पगाराची एफडी करा आणि तिला हात लावू नका. स्विमिंग पूल नंतर. आणि हेडने एक तरी वर्ग स्वतः शिकवावा. मी अजूनही मॅथ्स एए एचएल, म्हणजे डीपीचं वरच्या पातळीचं गणित, घेते आणि माझे पेपरही बाकीच्यांसारखेच तिघांकडे तपासायला जातात.

सोडून गेलेल्यांपैकी दोघं परत आलेत, घेतले त्यांना, मुलांना चांगलं शिकवतात. बाकीच्यांशी मी बोलत नाही.

सध्या आयबीच्या पाच वर्षांच्या इव्हॅल्युएशनसाठी सेल्फ स्टडी, म्हणजे शाळेनेच स्वतःची तपासणी करणं, चालू आहे, त्यामुळे शनिवार सगळे त्यातच जातात. फिजिक्सला आणि पीवायपीच्या चौथीला शिक्षक हवेत. बायोडेटा आणलात तरी पहिल्या दिवशी डेमो लेक्चर घेणार नाही, नाव झाकलेला पेपर आणि क्रायटेरिया हातात देणार, तपासून दाखवा.