86 सेंटिमीटर सावली

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाची इंटर्नशिप भोर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत होती. सातवीचा भूगोल, पाठ ऋतुनिर्मितीचा. माझी पदवी मराठीची, भूगोल ही दुसरी अध्यापन पद्धती. म्हणजे रात्री वाचायचं आणि सकाळी शिकवायचं.

निरीक्षणाला कॉलेजच्या मॅडम येणार म्हणून मी इंटरनेटवरून एक देखणा व्हिडिओ शोधून ठेवला होता. लोकवर्गणीतून घेतलेल्या टीव्हीवर तो लावला. निळी पृथ्वी गरगर फिरत सूर्याभोवती निघाली आणि एरवी चुळबुळ करणारी मागची रांगसुद्धा गप्प झाली. तेवढ्यात खिडकीजवळच्या मुलीनं विचारलं, "बाई, म्हणजे पृथ्वी जवळ आली की उन्हाळा आणि लांब गेली की थंडी, ना?"

मी म्हणाले, "बरोबर! शाबास!"

मॅडमनी निरीक्षण तक्त्यात 'तंत्रज्ञानाचा सुयोग्य वापर' लिहिलं, चांगले गुण दिले आणि एसटी गाठायला निघून गेल्या.

मधल्या सुट्टीत खिचडी वाढता वाढता वर्गशिक्षक हळूच म्हणाले, "मॅडम, पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ याच आठवड्यात असते बरं का."

जानेवारीचा पहिला आठवडा होता. मी स्वेटर घालून उभी होते.

संध्याकाळी व्हिडिओ पुन्हा पाहिला. पृथ्वीचा आस कललेला असतो म्हणून ऋतू होतात, हे निवेदक नीट सांगत होता, त्याची काही चूक नव्हती. पण पृथ्वीची कक्षा तिरक्या बाजूनं दाखवली होती. परात तिरकी धरली की लंबगोल दिसते, तशी ती जवळपास गोल असलेली कक्षा अंड्यासारखी ताणलेली दिसत होती. मुलीनं कानांपेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवला. मी तर तेवढंही केलं नव्हतं. व्हिडिओ चारदा पाहिला, पण दरवेळी आवाज नीट येतोय ना, एवढंच तपासलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा चूक कबूल केली. "काल मी चुकीचं सांगितलं," म्हटल्यावर पोरं इतकी खूश झाली की पुढचं सगळं सोपं गेलं. पटांगणात सूर्य म्हणून एक दगड ठेवला आणि 1 कोटी किलोमीटरला 10 सेंटिमीटर असं प्रमाण धरलं. पृथ्वी सूर्याच्या जवळ असते तेव्हा साधारण 14.7 कोटी किलोमीटरवर, लांब असते तेव्हा 15.2 कोटींवर. म्हणजे दगडाच्या एका बाजूला 147 सेंटिमीटरवर खूण आणि दुसऱ्या बाजूला 152 वर.

"एवढाच फरक?" खिडकीजवळची मुलगी म्हणाली. तिला जरा फसवल्यासारखंच वाटत होतं.

मग थंडीत ऊन किती तिरकं पडतं ते पाहायला एक मीटरची काठी ओळंब्यानं सरळ उभी केली. बारा वाजल्यापासून दर दहा मिनिटांनी माझ्या फोनवर सावलीचा फोटो काढायचा आणि टेपनं लांबी मोजायची. बाराला सावली सगळ्यात आखूड असणार यावर पैजा लागल्या होत्या. ती मात्र आखडतच राहिली आणि 12 वाजून 40 मिनिटांच्या फोटोत 86 सेंटिमीटरवर येऊन पुन्हा वाढू लागली. घड्याळ बिघडलंय, असा वर्गाचा निकाल. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावरची आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला, हे मग नकाशावर शोधावं लागलं. फोनवर ते फोटो भराभर सरकवले की सावली आत येऊन परत बाहेर जाताना दिसायची. तो 'व्हिडिओ' मुलांनी कितीदा पाहिला असेल कोण जाणे. शेवटी विजेरीचा उजेड वहीवर सरळ आणि तिरका पाडून पाहिला. तिरका उजेड पसरतो आणि मंद होतो, हे त्यांनीच सांगितलं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात भोरला भरदुपारी सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते, असं मी जाता जाता सांगून ठेवलं होतं. तेव्हा शाळेला सुट्टी आणि माझी इंटर्नशिपही संपलेली.

मे महिन्यात वर्गशिक्षकांनी एक फोटो पाठवला. त्याच मुलीनं वडिलांच्या फोनवर काढलेला, अंगणातली काठी. बुडाशी चार बोटं सावली होतीच. खाली तिचा निरोप होता, "बाई, तुमचं परत चुकलं."

फोटोवरची वेळ पाहिली, 12 वाजून 10 मिनिटं. उद्या साडेबाराला काढ, असं सरांकरवी कळवलं.