डीव्हीडी वाचवा मोहीम, नोंद तिसरी : पाठवणीपाशी अडकलंय

मागच्या नोंदीत मी लॅपटॉपचा ड्राइव्ह 'गेला' म्हणून ठोकून दिलं होतं. शब्द मागे घेतो.

शनिवारी सहज गाण्यांची सीडी घातली, तर खणखणीत वाजली. डीव्हीडी घातली की मात्र खर्र, खर्र, टक, आणि विंडोजचं म्हणणं 'डिस्क घाला'. सीडीला ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेझर लागतो, डीव्हीडीला ६५०चा. एक चालतो, दुसरा अडतो, म्हणजे केबल आणि ड्रायव्हर आधी बाजूला ठेवून ड्राइव्हच्या डोळ्याकडे, म्हणजे लेन्सकडेच बघायला हवं होतं. मी शहाण्याने दोनदा विंडोज टाकून पाहिली!

लॅपटॉपच्या ड्राइव्हचं एक बरं असतं, ट्रे ओढला की लेन्स समोरच. टॉर्च मारली तर वर धुरकट साय. एमजी रोडवरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं, कापसाची काडी जेमतेम ओली केली आणि हलकेच फिरवली. दाबायचं अजिबात नाही. लेन्स बारीक तारांवर तरंगत असते, श्वास लागला तरी डुलते. वाळल्यावर विकतची डीव्हीडी पहिल्या झटक्यात लागली.

मग खरी परीक्षा, ताईच्या लग्नाची. २००७, नाशिकला पंचवटीतलं कार्यालय. स्टुडिओवाल्याने डीव्हीडी-आरवर (एकदाच लिहिता येणारी डिस्क) नवरा-नवरीचा गोल कागदी फोटो चिकटवून दिलेला. मुहूर्त, मंगलाष्टकं, गंगेवरचं (म्हणजे आमच्या गोदावरीवरचं) फोटोसेशन, सगळं सुरळीत. पाठवणी आली की चित्र गोठतं.

डिस्क आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे लग्नाचा शेवट बाहेरच्या कडेला. नेमकं तिथेच इतक्या पावसाळ्यांत लेबल फुगून एका बाजूने उचललं गेलंय. टेबलावर ठेवली की तबकडी किंचित डुगडुगते, आणि वेगात फिरताना हा झोल कडेलाच सगळ्यात जास्त. लेबल सोलायचा मोह आवरला. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिमीच्या दोन चकत्या चिकटवलेल्या. ओढाताणीत त्याच सुटायच्या.

प्लेअरमध्ये पुन्हापुन्हा लावून डिस्क दमवण्यापेक्षा लिनक्सवर डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कवरचा डेटा वाचवणारा प्रोग्राम लावला. तो आधी सोपा भाग उचलतो, अवघड जागा मॅप फाइलमध्ये टिपून ठेवतो आणि मग त्यांच्याकडे वळतो. रात्रभर चालवून २१२ एमबी बाकी. रविवारी मित्राचा यूएसबी ड्राइव्ह आणला, तीच मॅप फाइल दिली. ही या प्रोग्रामची सगळ्यात भारी गोष्ट: एका ड्राइव्हला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं आणि दोघांची बेरीज एकाच इमेजमध्ये, म्हणजे डिस्कच्या प्रतीच्या फाइलमध्ये, होते. दुपारपर्यंत १४ एमबी उरले.

पाठवणीत दोन ठिकाणी चित्राचे चौकोन होतात. पण गाडीचं दार धरून उभे असलेले आजोबा स्वच्छ दिसतात, आणि आईला तेवढंच हवं होतं.

पुढच्या शनिवारी बारशाची सीडी. तिच्यावर कुणीतरी बॉलपेनने दाबून नाव लिहिलंय.