व्हिएतनाममधील दहा दिवस: कार्ड कुठे चालले, रोख कुठे लागली

हनोई, हा लाँगचा उपसागर, होई आन आणि हो ची मिन्ह सिटी असा दहा दिवसांचा प्रवास आम्ही दोघांनी कोणत्याही सहल कंपनीशिवाय केला. निघण्यापूर्वी परिचितांकडून दोन टोकांचे सल्ले मिळाले होते. एकाने सांगितले, कार्ड पुरेसे आहे. दुसऱ्याने बजावले, डॉलर भरपूर न्या, कार्ड कोणी विचारत नाही. परतल्यावर वहीतील हिशेब मांडला, तेव्हा दोघेही अर्धे बरोबर निघाले. विमानभाडे वगळता झालेल्या साधारण १ लाख १० हजार रुपयांच्या खर्चापैकी ६५ हजार कार्डाने गेले, परंतु ते केवळ अकरा व्यवहारांत. उरलेले ४५ हजार रोख गेले, आणि त्या नोंदी शंभराहून अधिक आहेत. हॉटेल, देशांतर्गत विमान आणि हा लाँगची बोट कार्डावर. बस, फळे, कॉफी, पदपथावरील जेवण, मंदिरांची तिकिटे आणि चपला शिवणारा कारागीर हे सारे रोखीवर.

व्हिएतनामचे चलन डोंग. आम्ही पुण्यात तीन ठिकाणी चौकशी केली, पण डोंग मिळाले नाहीत. त्यामुळे ६०० डॉलर रोख, एक क्रेडिट कार्ड आणि दुसऱ्या बँकेचे एक डेबिट कार्ड अशी तयारी केली. (एका प्रवासासाठी प्रत्येकी ३,००० डॉलरपर्यंत परकीय नोटा नेता येतात, म्हणून नियमाची अडचण नव्हती.) फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधी परकीय चलन भरून नेण्याचे कार्ड, मात्र विचारपूर्वक टाळले. त्यात डोंग भरता येत नाहीत; डॉलर भरून डोंगमध्ये खर्च केला की दोन चलनांतील बदलाचे शुल्क सहसा पुन्हा लागते आणि कार्डाचा मूळ फायदाच संपतो. युरोप-अमेरिकेसाठी उपयुक्त असलेली वस्तू इथे निरुपयोगी ठरते, हे कार्ड विकणारा प्रतिनिधी आपणहून सांगत नाही.

डॉलरच्या नोटा घेताना एक दक्षता घ्यावी. नोट कोरी, न दुमडलेली आणि शक्यतो १०० डॉलरची असावी. आमच्या एका नोटेच्या कोपऱ्यावर जांभळ्या शाईचा तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका होता. हनोईतील बँकेच्या खिडकीवर बसलेल्या मुलीने ती नोट दिव्यापुढे धरली, ठिपक्यावरून नख फिरवले आणि हसून परत केली. बाकीच्या नोटांना मात्र तिने काही हरकत घेतली नाही. भारतात नोटा मोजून घेतानाच प्रत्येक नोट उलटसुलट पाहावी, तिथे गेल्यावर तक्रार कोणाकडे करणार?

हनोईच्या नोई बाई विमानतळावर आम्ही फक्त ५० डॉलर बदलले, कारण शहरात जाणाऱ्या ८६ क्रमांकाच्या बसचे तिकीट ४५ हजार डोंग होते आणि वाहकाला रोखच हवी होती. पुढे लागतील तसे डॉलर शहरातील बँकेत बदलले. सोन्याच्या दुकानांत भाव थोडा बरा मिळतो, असे सांगणारे अनेक भेटतात. परंतु परवाना नसलेल्या ठिकाणी परकीय चलन बदलणे हा तिथे गुन्हा आहे. २०१८ साली कान थो शहरात १०० डॉलर बदलणाऱ्या एका स्थानिक माणसाला ९ कोटी डोंगांचा दंड ठोठावण्यात आला होता. तो पुढे माफ झाला, तरी शेदोनशे रुपयांसाठी ही जोखीम घेण्याचे कारण मला दिसले नाही.

आम्ही गेलो तेव्हा एका रुपयाला जवळजवळ ३०० डोंग पडत होते. हिशेबाची सोपी रीत अशी: शेवटची तीन शून्ये काढावीत, उरलेल्या आकड्याला तीनने भागावे आणि एक शून्य जोडावे. म्हणजे ६० हजार डोंगांची कॉफी आणि पाव मिळून २०० रुपये. विक्रेते स्वतःही तीन शून्ये गिळूनच बोलतात. ‘पन्नास’ म्हटले की पन्नास हजार समजावेत.

खरी परीक्षा नोटा ओळखण्याची असते. दर्शनी बाजूला सर्व नोटांवर व्हिएतनामचे नेते हो ची मिन्ह यांचेच चित्र आहे, आणि २० हजारांची नोट निळी असून ५ लाखांची नोटही निळसरच आहे. दिवसा उजेडात फरक जाणवतो. होई आनच्या नदीकाठी संध्याकाळी कागदी कंदील लागले की त्या पिवळ्या प्रकाशात दोन्ही निळे रंग एक होतात. तिथे शहाळे विकणाऱ्या एका वयस्कर बाईंना मी २० हजार समजून ५ लाखांची नोट दिली, म्हणजे सत्तर रुपयांच्या जागी सुमारे साडेसोळाशे. बाईंनी नोट घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे रोखून पाहिले. मग स्वतःच्या डब्यातून २० हजारांची नोट काढून तिची मागची बाजू माझ्यासमोर धरली आणि बोटाने आधी नोटेवरचे चित्र, नंतर माझ्या पाठीमागे दाखवले. चित्रात छप्पर असलेला पूल होता. मागे वळून पाहिले तर तोच जपानी पूल काही पावलांवर उभा होता. माझी नोट त्यांनी परत केली. त्या दिवसापासून आम्ही रंग पाहणे सोडले आणि नोट उलटून चित्र पाहू लागलो: पूल म्हणजे २० हजार, हनोईचे साहित्य मंदिर म्हणजे १ लाख, हा लाँगचे खडक म्हणजे २ लाख आणि कौलारू घर, म्हणजे हो ची मिन्ह यांचे बालपणीचे घर, दिसले की ५ लाख. ५ लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवाव्यात. त्या हॉटेलात किंवा मोठ्या दुकानात मोडून घ्याव्यात, कारण टॅक्सीचालकाकडे सुटे नसतात आणि सुट्यांवरून होणारा वाद भाषेअभावी लांबतो.

कार्डाच्या बाबतीत पहिली फजिती पूर्णपणे माझ्या चुकीने झाली. २०२० पासून आपल्याकडील कार्डांवर परदेशी वापर मुळात बंद असतो आणि ऑनलाइन, दुकानातील यंत्र, टॅप व एटीएम यांसाठी वेगवेगळी बटणे असतात. २५ डॉलरचा ई-व्हिसा घेताना मी त्यांतले केवळ ऑनलाइनचे बटण चालू केले होते. होई आनजवळच्या दा नांग शहरातील हॉटेलात यंत्राने कार्ड दोनदा नाकारले, तेव्हा स्वागतकक्षातच उभे राहून बँकेचे ॲप उघडावे लागले. ओटीपीसाठी भारतीय सिमवर रोमिंग चालू होते म्हणून निभावले. घरून निघतानाच चारही बटणे आणि त्यांच्या मर्यादा तपासून घ्याव्यात.

दुसरा प्रसंग हो ची मिन्ह सिटीतील कापडाच्या दुकानातला. विक्रेत्याने यंत्र पुढे केले आणि मी पिन दाबण्याच्या बेतात असताना पत्नी म्हणाली, “अहो, थांबा, हा आकडा रुपयांत कसा दिसतोय?” यंत्राने परस्पर रुपयांत रूपांतर करून दिले होते आणि त्याचा दर आमच्या हिशेबापेक्षा बराच महाग होता. तो व्यवहार रद्द करून डोंगमध्ये पुन्हा करायला लावला. यंत्रावर पर्याय दिसल्यास नेहमी डोंगच निवडावा. काही दुकानांत कार्डासाठी तीन टक्के अधिक मागतात, तेव्हा बिल करण्यापूर्वी विचारावे.

एटीएमचा अनुभव महाग पडला. ३० लाख डोंग, म्हणजे सुमारे १० हजार रुपये काढले. तिथल्या बँकेचे शुल्क, आमच्या बँकेचे शुल्क, साडेतीन टक्क्यांचा मार्कअप (परकीय चलनातील व्यवहारावर आपली बँक लावते तो अधिभार) आणि त्यावरील जीएसटी मिळून ७७५ रुपये गेले. डॉलर नेऊन बदलण्यात आमचे नुकसान अडीच टक्क्यांच्या आत राहिले. त्यामुळे एटीएम अडीअडचणीसाठीच ठेवावे, आणि वापरलेच तर एकदाच मोठी रक्कम काढावी. मार्कअप न लावणारे कार्ड ज्यांच्याकडे आहे, त्यांचे गणित अर्थातच वेगळे.

क्यूआर कोडचे फलक भाजीच्या गाडीवरही दिसतात. आमच्या यूपीआय ॲपने त्यांपैकी एकही वाचला नाही, ते प्रामुख्याने स्थानिक बँक खात्यांसाठी होते. हो ची मिन्ह सिटीतील मेट्रो मात्र टॅप कार्डाने चालते. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या या मार्गावर आम्ही तिकिटाच्या रांगेत उभे न राहता गेलो.

परतताना उरलेले डोंग विमानतळावरच डॉलरमध्ये बदलून घ्यावेत आणि त्यासाठी बँकेची पावती जपून ठेवावी. आम्ही नेलेल्यांपैकी २०० डॉलर जसेच्या तसे परत आले, त्यांत त्या जांभळ्या ठिपक्याच्या नोटेचाही समावेश आहे. पुण्यातील मनी चेंजरने ती नोट काहीही न विचारता घेतली.