ओल खालून वर वाचायची

आपल्या शाळेच्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात लोखंडी घोडीवर टाटा ट्रकचं जुनं 697 इंजिन होतं. 6 सिलिंडर आणि 97 मिलिमीटर बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, म्हणून 697, हे मला आठवीत टेक्निकलच्या तासाला कळलं. त्याच्याखाली कायम पत्र्याचा ट्रे, आणि ट्रेमध्ये ऑइलची टपटप.

"गळतंय कुठून?" सरांनी एकदा विचारलं. आम्ही सगळ्यांनी इंजिनाच्या तळाच्या ऑइल चेंबरकडे बोट दाखवलं. सर म्हणाले, "ते थेंब पडण्याचं ठिकाण झालं. निघाला कुठून ते सांगा. ओल खालून वर वाचायची."

मग त्यांनी आमच्याकडून इंजिन डिझेलने धुवून घेतलं, हवा मारून कोरडं केलं आणि सगळ्या जोडांवर टाल्कम पावडर उडवली. अर्धा तास इंजिन चाललं, तेव्हा टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातून निघालेली तपकिरी रेघ पांढऱ्या पावडरीवरून थेट चेंबरच्या कडेपर्यंत उतरलेली दिसली. चेंबरचं पॅकिंग शाबूत होतं. कुणीतरी कव्हरचे बोल्ट जोर लावून पिळले होते, त्याने पत्रा वाकला होता आणि पॅकिंगचा कॉर्क चिरडला होता. सरांनी पत्रा सपाट करून नवं पॅकिंग टाकलं आणि बोल्ट थोडेथोडे, आळीपाळीने आवळायला लावले.

पुढे कराडजवळ गॅरेजात कामाला असताना उसाचा एक जुना ट्रक आला. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या फ्लायव्हील हाऊसिंगखालून गळत होतं. सीझनची घाई, मी न धुता, न बघता मागचं सील गेलं असं ठरवलं. गिअरबॉक्स उतरवला, सील बदललं, दोन दिवस गेले. आठ दिवसांनी ट्रक तसाच गळत परत आला. मालकाच्या बुडालेल्या खेपा माझ्या अजून मनाला लागून आहेत.

त्या रात्री मी इंजिन धुतलं, पावडर मारली. पुढचं सील, चेंबरची कड, टॅपेट कव्हर आणि मी नुकतंच घातलेलं मागचं सील, सगळीकडे एकदमच ओल फुटली. इतके जोड एका वेळी जात नाहीत. आतला दाब बाहेर पडायला वाट शोधतो. ऑइल भरायचं झाकण काढून तळवा धरला, तर हवा जोरात लागली. आम्ही याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतो. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर इंजिन खोलण्यावाचून इलाज नसतो, म्हणून आधी आतली हवा बाहेर सोडणारी ब्रीदरची नळी काढली. ती काळ्या चिकट गाळाने गच्च भरली होती. नळी साफ करून बसवली, झाकणातला जोर ओसरला आणि गळती थांबली. मालकाकडून त्या कामाचे पैसे मी घेतले नाहीत.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाला मी येतोय. ते इंजिन अजून घोडीवर असेल, तर आठवीच्या मुलांबरोबर एकदा धुवून बघू. पावडरचा डबा मी आणतो.